जीपला पायरी नव्हती

परवा तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मधेच मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या मांडवात येऊन बसले की काय. तुम्ही शांत होते म्हणे. मोजकं बोलायचे म्हणे. खाणीच्या वर्कशॉपमधल्या तुमच्या साहेबांनी तर सांगितलं की असा शब्द पाळणारा फिटर त्यांनी पाहिला नाही. मी पदर तोंडाला लावला तो रडण्यासाठी नव्हता. शब्द पाळणारा! जीपला पायरी लावून देतो, हा शब्द तुम्ही मला दिला तेव्हा आपली सुमन पाळण्यात होती. ती आता सासरी नांदते आहे, आणि जीपला पायरी नाही.

जीपबद्दल मात्र कुणी एक अक्षर काढलं नाही, ह्याचं मला वाईट वाटलं. ती तिथेच मांडवाला लागून उभी होती. लोकांनी तिच्या बॉनेटवर पाण्याचे पेले ठेवले, म्हाताऱ्या तिच्या सावलीत बसल्या. तुम्ही आयुष्यभर जिच्या पोटाखाली झोपून काढलं तिचं नाव कुणी घेतलं नाही.

आज दुपारी वसंता येणार आहे, जॅक आणि पाने घेऊन. तुमच्यासोबत वर्कशॉपात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण हाक मारताना त्याचा आवाज अजून चाचरतो. काल दारात उभा राहून म्हणाला, वहिनी, आता नाल्यावर पूल आहे, एवढी उंच गाडी कायले पाहिजे, मी ती कंपनीतून निघाली तशी खाली आणून देतो, म्हणजे तुम्हाला चढता-उतरता येईल. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागेपर्यंत शाळेत सोडायलाही तोच येणार आहे. मी हो म्हटलं. तो येण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे, म्हणून लिहायला बसले. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि अर्धं सोडून जायची तुमची सवय मला कधीच पटली नाही.

सुरुवात माझ्या बदलीपासून झाली. नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या त्या शाळेवर मला टाकलं तेव्हा मी घरी येऊन रडले. वाटेत नाला, नाल्यापुढे पांदण, आणि पांदण संपली की धानाच्या बांध्या. मी एकोडीची, धानाच्या चिखलातच वाढलेली, चिखलाची भीती मला नव्हती. पण माझा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक झालेला. चिखलात तो रुतला की मला दोन्ही हातांनी उपसून काढावा लागायचा. तुम्ही जेवता जेवता ऐकून घेतलं, हात धुतला आणि म्हणाले, "मी पाहतो न. रडून राहिली कायले?"

मग खाणीच्या लिलावातून ती जीप आली. आली कसली, बैलांनी ओढून आणली. टपाचं कापड नाही, सीटमधून गवत बाहेर आलेलं, आणि पेट्रोलचं इंजिन असं खोकायचं की शेजारच्यांनी दाराआडून पाहिलं. मी म्हटलं, हे भंगार माझ्या अंगणात नको. तुम्ही म्हणाले, बाई, हे भंगार तुझ्या शाळेत जाणार आहे. तुम्ही मला बाई म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं. लग्नात चिडवायला सुरू केलं आणि मग तेच नाव राहिलं.

इंजिनचं तुम्ही पटकन जमवलं, ते तुमच्या हातातलं काम होतं. हेड घासून आणलं, कार्बुरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला, आणि नाल्याचा चढ चढायला तिच्यात दम आला. सायलेन्सरची नळी मोडक्या पंपाचा पाइप जोडून टपाच्याही वर नेली, म्हणजे पाणी आत शिरायला नको. नाल्यात उतरायच्या आधी पंख्याचा पट्टा काढायचा, नाहीतर पंखा इंजिनवर पाणी उडवतो आणि गाडी मधोमध बंद पडते, हे तुम्ही मलाही शिकवलं होतं. पण गाडी पांदणीत अडली. बैलबंड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल की मधला उंचवटा जीपच्या पोटाला लागायचा. मागच्या एक्सलचा गोळा त्यावर बसला की चाकं हवेत फिरायची.

तेव्हा तुम्ही गाडी उंच करायचं मनावर घेतलं. दुसऱ्या कुणी तुमसरहून सामान आणलं असतं. तुम्ही काठी घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गेले. धानाच्या धुऱ्यावरून बंडी जाते तेव्हा तिच्या खाली किती जागा सुटते ते मोजलं, काठी तेवढी तोडली, आणि ती काठी घेऊन दशरथ वाढईकडे. दशरथ सगळ्या गावाच्या बंड्या करायचा. तुमचं म्हणणं सरळ होतं: ह्या वाटेवर बंडी अडत नाही, म्हणजे जीपलाही बंडीची उंची द्यायची. दशरथनं तिवसाचे ठोकळे घडवून दिले, बंडीच्या चाकाला वापरतात तसलं जुनं, मुरलेलं लाकूड. ते तुम्ही स्प्रिंगच्या कमानी आणि एक्सलच्या मधे बसवले, मोडक्या ट्रकच्या कमानीतला एकेक पाटा कापून वाढवला, आणि रिमोल्ड केलेली मोठी चाकं चढवली. वर्कशॉपातले लोक हसले. लोखंडाच्या गाडीत लाकूड घालतो म्हणाले. तुम्ही त्यांना म्हणाले, तिवसावर शंभर बंड्या चालतात, एक जीप नाही चालणार का?

चालली, उन्हाळ्यापर्यंत. मग तिवस वाळलं आणि आकसलं, बोल्ट ढिले पडले आणि मागचा एक्सल आपल्या जागेवरून सरकला. जीप तोंड रस्त्याकडे ठेवून तिरपी तिरपी चालायला लागली. दशरथनं पाहिलं आणि सांगितलं की लाकूड आहे, पाणी पाजा, बंडीची चाकं उन्हाळ्यात तलावात ठेवत नाही का आपण? आणि तुम्ही खरंच ते केलं! त्या उन्हाळ्यात दर रविवारी आपली जीप गावच्या तलावाच्या काठाला बंड्यांच्या रांगेत पाण्यात उभी असायची. धुणं धुणाऱ्या बाया मला विचारायच्या, बाई, तुमच्या गाडीला तहान लागली का? लाकूड फुगलं, बोल्ट घट्ट झाले, आणि ओल्या ब्रेकमुळे तुम्ही घराच्या फाटकातून आत येऊन तुळशीसारखी जपलेली माझी मोगऱ्याची कुंडी उडवली. शेवटी तुम्ही माझा भात शिजवायचा मोठा गंज चुलीवर ठेवला आणि ते ठोकळे जवसाच्या तेलात उकळून काढले. गंज गेला कायमचा. ठोकळे मात्र पुन्हा आकसले नाहीत.

पण मला सांगायचं होतं ते त्या पहिल्या दिवसाचं. चाकं चढवून झाली, जीप जमिनीवर उतरवली, आणि तुम्ही फडक्यानं हात पुसत म्हणाले, बस बाई, चल शाळेत. आळीतले सगळे पाहत होते. मी पर्स घेऊन बाहेर आले. सीट माझ्या छातीला लागत होती. मी जीपकडे पाहिलं, तुम्ही माझ्या पायाकडे पाहिलं, आणि तुमच्या तोंडावरचं हसू उतरलं ते मला अजून दिसतं. धुरा मोजला, नाला मोजला, बंडी मोजली, आणि ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं तिचा पाय तेवढा मोजायचा राहिला.

 मग तुम्ही सगळ्यांच्या देखत जीपच्या बाजूला एक गुडघा टेकून बसले आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "ठेव पाय."

मी नवऱ्याच्या अंगावर पाय ठेवू? माझ्या आईनं लहानपणी मला शिकवलं होतं की चुकून जरी नवऱ्याला पाय लागला तरी लगेच हात लावून कपाळाला न्यायचा. तुम्ही म्हणाले, आपण धम्माची दीक्षा घेतली न, मग हे जुनं पाप-बिप कायले सांभाळून राहिली? मी म्हटलं, दीक्षा तुमच्या घरी लवकर पोहोचली, माझ्या पायापर्यंत अजून यायची आहे. आणि मी त्या दिवशी भरतच्या बंडीतून शाळेत गेले, रागानं, मागे न पाहता. भरत गाडीवानानं वाटभर बैलांकडेच पाहिलं, एवढी माझी मुद्रा होती.

मग मी माझी युक्ती काढली. स्वयंपाकघरातला पिढा घेतला आणि त्याला सुंभाची दोरी बांधली. खाली पिढा ठेवायचा, त्यावर चढून आत बसायचं, मग दोरीनं पिढा वर ओढून घ्यायचा. उतरताना उलटं. नाल्यापलीकडच्या गावात हे बघायला लोक जमायचे. तुम्ही स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे, कारण हसलात तर मी बोलणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मी विचारायचे, पायरी कधी लावता? तुम्ही म्हणायचे, लोखंडी पायरी खाली लटकली तर पहिल्याच धुऱ्याला अडकेल, मग उंच करून फायदा काय? मी म्हणायचे, घडीची लावा, साखळीची लावा. तुम्ही म्हणायचे, लावतो न. हा तुमचा लावतो न मी इतक्यांदा ऐकला की सुमनही लहानपणी तसंच म्हणायला लागली, अभ्यासाला बस म्हटलं की बसतो न.

ती पंधरा ऑगस्टची गोष्ट तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, म्हणून मला ती सांगायची लाज वाटायची. आज सांगते. झेंडावंदनाला तुम्ही पांढरी पँट घातली होती, मी पांढरं लुगडं. पोरांचं गाणं झालं, सरपंचांचं भाषण सुरू होतं आणि आभाळ फुटलं. नाल्याचं पाणी चढायच्या आत निघायला हवं होतं, कारण सुमन शेजारी ठेवली होती आणि तिला ताप होता. शाळेचं पटांगण म्हणजे चिखल. पिढा ठेवला आणि मी एक पाय दिला तर तो पाण्याखाली गेला, जणू खाली जमीनच नव्हती. दुसऱ्यांदा ठेवला, पुन्हा गेला. सरपंच, पोरं, पोरांच्या आया, सगळे व्हरांड्यात उभे राहून माझ्याकडे पाहत होते. आणि तुम्ही खाली उतरले, पांढऱ्या पँटीनं चिखलात गुडघा टेकला.

मी सुमनचा विचार केला, चप्पल काढली आणि पाय ठेवला. उजवा पाय तुमच्या मांडीवर, हात टपाच्या दांडीला, मग डावा पाय हातानं उचलून आत. एका दमात झालं. आत बसले आणि मला रडू फुटलं. सगळ्या गावासमोर मी माझ्या नवऱ्याला पायरी केलं होतं. तुम्ही गाडी सुरू केली, मांडीकडे पाहिलं. तिथे माझ्या पायाचा ठसा उमटला होता, पाचही बोटं मोजता यावीत असा. मी हात लावून कपाळाला न्यायला गेले तर तुम्ही माझा हात धरला.

"पाप नाही लागलं, बाई. चिखल लागला."

आणि त्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉपच्या झेंड्याजवळ तुम्ही ती पँट न बदलता गेले! कुणी विचारलं की सांगायचे, मास्तरीणबाईंचा शिक्का आहे. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण पिढा मी पुन्हा जीपमध्ये ठेवला नाही, हे तुम्ही पाहिलं आणि त्यावर काही बोलले नाही. एवढं तेवढं कळायचं तुम्हाला.

त्यानंतर किती वर्षं मी तुमच्या मांडीवर पाय ठेवून जीपमध्ये चढले. रोज सकाळी अंगणात, रोज दुपारी शाळेसमोर. मोहाडीच्या बाजारात, एकोडीला माझ्या माहेरी. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घरात निघून गेली आणि जेवायला बाहेर आली नाही. नंतर तिची समजूत कुणी काढली ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही, पण पुढच्या खेपेला ती माझ्यासाठी जीपजवळ येऊन थांबली आणि माझी पिशवी धरून उभी राहिली. प्रत्येक वेळी मी आत बसल्यावर, तुम्ही स्टेअरिंगवर आले की तुमच्या खांद्याला हात लावून तो कपाळाला न्यायचे. तुम्ही चिडायचे, मी ऐकायचे नाही. तुमची दीक्षा तुमच्याजवळ, माझा हात माझ्याजवळ.

आता भांडणाकडे येते. पूल झाला. नाल्यावर चांगला रुंद पूल झाला, पांदणीवर मुरूम पडला, त्यावरून एसटी जायला लागली. वर्कशॉपातले सगळे म्हणाले, आता जीप खाली आणा, उंच गाडी वळणावर कलंडते, पेट्रोलही जास्त पिते. मीही म्हटलं. तुम्ही म्हणाले, आणतो न. आणली नाही. मी म्हटलं, मग पायरी लावा, आता अडकायला धुरा कुठे आहे? तुम्ही म्हणाले, लावतो न. लावली नाही. तुमचे गुडघे दुखायला लागले होते. उठताना तुम्ही जीपच्या दांडीला धरायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे. मी रागवायचे, तुम्ही गुडघा टेकायचे, मी पाय ठेवायचे. मला विचारायचं होतं की अहो, आता कायले? पूल झाला, रस्ता झाला, मग कुणासाठी ही गाडी उंच ठेवली? मी पुढच्या आठवड्यावर टाकत गेले. उत्तर मला माहीत होतं, पण ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि असली गोष्ट तुमच्या तोंडून काढायची म्हणजे तुम्ही खुशीत असायला हवे होते. मग तुमचं पोटाचं दुखणं आलं आणि खुशीचे दिवस संपले.

त्या सकाळी तुम्हाला तुमसरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. वसंतानं जीप दारात लावली. तुम्ही भिंतीला धरून धरून बाहेर आले, दांडीला हात घातला आणि तसेच उभे राहिले. पाय उचलेना. तुमच्या अंगावर काही उरलंच नव्हतं, सदरा नुसता लोंबत होता. तुम्ही त्या सीटकडे पाहत राहिले. स्वतःच्या हातानं उंच केलेली गाडी, आणि तुम्हाला तिच्यात चढता येईना. वसंता उचलायला पुढे आला तर तुम्ही त्याला हातानं मागे सारलं. पोरासारखं उचलून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. मी तुमची बायको आहे, मला माहीत आहे.

मी आतून पिढा आणला. गुडघा टेकणं माझ्या पायाला जमत नाही, म्हणून जीपच्या बाजूला पिढ्यावर बसले आणि उजवी मांडी पुढे केली.

"ठेवा पाय."

तुम्ही मान हलवली. "तुह्यावर? नाही न, बाई."

एवढी वर्षं मला शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा तुम्हालाच जमेना. मी म्हटलं, "पाप नाही लागत. तुमीच सांगितलं होतं न?"

तुम्ही चप्पल काढली. तेवढ्या दुखण्यात वाकून, एक एक करून दोन्ही पायांतली काढली, आणि माझ्या मांडीवर पाय ठेवला. मला भार कळलाच नाही. इतके हलके झाले होते तुम्ही की मी वर पाहिलं, पाय खरंच ठेवला की नुसता टेकवला. तुम्ही आत बसले. मग वाकून माझ्या खांद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. ज्या गोष्टीवर तुम्ही मला आयुष्यभर चिडवलं, ती तुम्ही केली. वसंता समोर होता. मनात म्हटलं, दवाखान्यातून आलात की ह्यावरून चांगलं चिडवीन, आणि पुलाचंही तेव्हाच विचारीन. परत आलात तेव्हा जीपच्या मागच्या बाजूला निजून आलात, आणि चौघांनी तुम्हाला उतरवून घेतलं.

मी एवढं लिहीपर्यंत वसंता आला. पाने वाजायला लागले तेव्हा मी ओसरीवरून उठले नाही. त्याला एकट्याला जड जात होतं पण मदतीला कुणाला बोलवू म्हटलं तर नको म्हणाला. बोल्ट गंजले होते, त्यांना तेल पाजत पाजत त्यानं काढले. मग तिवसाचे ठोकळे माझ्यासमोर आणून ठेवले. जवसाचं तेल पिऊन काळे झालेले, कुठे तडा नाही. दशरथ वाढईनं पाहिले असते तर म्हणाला असता, अजून एका गाडीला चालतील. वसंतानं विचारलं, फेकू का वहिनी? मी ते पदरात घेतले.

मग त्यानं वाढवलेले पाटे काढले, मोठी चाकं उतरवून लहान चढवली, जॅक निघाला आणि जीप खाली बसली. मला ती एकदम अनोळखी वाटली, बाजारात उभी असते तशी कुणाचीही गाडी. वसंता म्हणाला, वहिनी, बसून तर पाहा.

मी गेले. दांडीला हात लावला, उजवा पाय आत टाकला, डावा हातानं उचलून घेतला, आणि बसले. पिढा लागला नाही, कुणी गुडघा टेकला नाही. हे इतकं सोपं होतं. मी सवयीनं उजवीकडे हात नेला, तुमच्या खांद्याला लावायला. तिथे वसंता बसायच्या तयारीत उभा होता. त्यानं तोंड फिरवलं आणि फडकं घेऊन काच पुसत राहिला.

सोमवारी शाळा आहे. मी ह्याच गाडीतून जाईन.